टक्स घातलेलं तळं

शपथेवर सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटा निघाला तर माझी कवळी भर जेवणात ताटात पडो, आणि तीही पाहुण्यांसमोर. आमच्या घरात कुणाला विचारायला जाऊ नका. ते म्हणतील, तिचं काय ऐकता, ती सुईचा तंबू करते. करते ना! पण तंबू उभा राहतो की नाही, ते बघा.

मी धंद्यानं शिंपीण. उभी हयात कपडे शिवले. मागच्या खोलीत खिडकीशी मशीन, मशीनपुढे मी आणि खिडकीबाहेर परसदार. गल्लीतल्या निम्म्या लोकांच्या कमरा मला तोंडपाठ आहेत. कुणाची कधी सुटली आणि कोण अजून जुनंच माप सांगतो, तेही सांगेन. मग गुडघ्यांनी दगा दिला. डॉक्टर म्हणाले, आजी, पायडल बंद. मुलानं त्याच दिवशी मशीनवर चादर टाकली. चारी बाजूंनी नीट खोचून. माणूस गेल्यावर टाकतात तशी.

त्या दिवसापासून खोली गप्प झाली. तुम्हाला वाटेल, म्हातारीला शांतता हवी असते. कुणी सांगितलं? मला तो खडखडाट हवा होता. त्या आवाजात मी जेवले, भांडले, नवऱ्याशी अबोला धरला आणि सोडलाही. तो बंद झाल्यावर मला माझाच श्वास ऐकू यायला लागला. माणूस स्वतःचा श्वास ऐकत बसायला लागला ना, की मग तो लवकरच दमतो.

आणि अशात एकदा जेवताना मुलगा म्हणाला, "मागचं परसदार सिमेंट करून घेऊ. नुसती माती आणि चिखल. भिंत फोडून मोठं फाटक बसवू, म्हणजे गाडी आत लागेल."

मी म्हटलं, "आणि माझ्या खिडकीतून काय दिसेल?"

"गाडी दिसेल."

"गाडीचं काय दिसेल?"

त्यानं जरा विचार केला. "मागचा बंपर."

"तो बोलतो का काही?"

"आई, बंपर कसा बोलेल?"

"मग नको," मी म्हटलं. "मी तिथं तळं करणार आहे. वर धबधबा."

हे माझ्या तोंडातून बाहेर पडेपर्यंत मलाही माहीत नव्हतं, पण एकदा पडलं म्हणजे पडलं. मी शब्द उसवत नाही.

मुलगा हसला. "आई, तू कपडे शिवलेस. तळं म्हणजे परकर नव्हे."

"परकर नसेल, पण घेर आहे ना त्याला? घेर आला की तो माझा विषय."

सूनबाईला ठसका लागला. तिनं पाण्याचा पेला तोंडाला लावला आणि पेल्याच्या आत हसली. मुलानं मात्र मान हलवली. "मी आठवडाभर ऑफिसच्या ट्रेनिंगला चाललोय. आलो की सोमवारी गवंडी येईल. विषय संपला."

विषय संपला म्हणे! गाडी वळणावरून गेली आणि मी कुदळ मागितली.

सूनबाईनं कुदळ आणून दाराशी ठेवली. मग फावडं आणलं. मग घमेलं. आणि म्हणाली, "आई, मी काही बघितलेलं नाही हं."

"अगं, तू आत भाजी चिरतेयस."

"हो, मी भाजी चिरतेय," असं म्हणून तिनं पदर खोचला आणि पहिला घाव तिनंच घातला.

माझे गुडघे वाकत नाहीत, म्हणून मी खुर्चीत बसून खणलं. खुर्चीभोवतीचं खणून झालं की खुर्ची खाली सरकवायची आणि पुन्हा बसायचं. सूनबाई माती उपसायची. मध्येच फावड्याचा दांडा मोडला, तेव्हा मी स्वयंपाकघरातली मोठी पळी घेतली. पळीनं खणलेलं तळं जगात दुसरं दाखवा. आम्ही इतकं खोल गेलो की खालून कुणीतरी शिंकलं. पृथ्वीच्या त्या बाजूला, स्वच्छ ऐकू आलं. मी म्हटलं, बास, याच्याखाली गेलो तर कुणाच्या तरी घरात निघायचो, आणि अंगावर धड साडी पण नाही.

कडेनं आत एक पायरी ठेवली, झाडांच्या कुंड्या बुडवायला. काठ सगळीकडे एका पातळीत हवा, नाहीतर भरलेलं तळं एका बाजूनं ओठ लोंबल्यासारखं दिसतं. त्यासाठी पारदर्शक नळीत पाणी भरून एक टोक सूनबाईनं धरलं, एक मी. पाणी दोन्हीकडे सारखं येईपर्यंत माती चोपली. एव्हाना एक बेडूक येऊन काठावर बसला होता. पाण्याचा अजून पत्ता नाही, आणि हा आधीच जागा धरून! पायरी त्याला पसंत नसावी. सारखा तिच्याकडे बघून गळा फुगवायचा.

आता अस्तर. मातीत नुसतं पाणी ओतलं तर माती पिऊन टाकते, म्हणून खाली रबरी कापड घालावं लागतं. ते आणून दिलं आमच्या हवाभाऊजींनी. हे माझ्या नवऱ्याचे मित्र, कोपऱ्यावर सायकलच्या पंक्चरचं दुकान. चाकात हवा भरतात आणि गप्पांत त्याहून जास्त, म्हणून सगळे हवाभाऊजीच म्हणतात. खांद्यावर भेंडोळं टाकून आले आणि म्हणाले, "वहिनी, दुकानदारानं सांगितलंय, कापू नका. मोठं आहे तसंच टाका. सुरकुत्या पडल्या तर पडू द्यात म्हणाला."

"सुरकुत्या?" मी म्हटलं. "माझ्या हाताखालून गेलेल्या कापडाला?"

"वहिनी, तळ्याला कोण बघायला येणार आहे?"

"मी बघणार आहे. खिडकीतून. रोज."

अहो, लोक अजून माझं नाव घेऊन सांगतात, कपडा बसावा तर तिच्या हातचा. आणि मी माझ्याच परसात झोळ ठेवू? मी टेप घेतली आणि खड्ड्याची मापं काढली. छाती, कंबर, उंची. कंबर नव्हतीच म्हणा, आमच्या डॉक्टरांसारखा सरळसोट होता. खडूनं आखलं, कापलं, आणि जिथं जिथं कापड गोळा होत होतं तिथं टक्स घेतले. ब्लाउजला घेतो तसे, जास्तीचं कापड चिमटीत धरून आतून शिवण मारायची, म्हणजे अंगाबरोबर बसतं. मशीनवरची चादर मी स्वतः ओढून काढली. सगळ्यांत जाड सुई घातली. कापड मी धरलं, पायडल सूनबाईनं मारलं.

"आई, मी काही शिवलं नाही हं. मी फक्त पाय हलवत होते."

"हलव, हलव. जोरात हलव."

मशीन असं काही बोलायला लागलं म्हणता! कोंडून ठेवलेल्या माणसासारखं. रबर फाडत, धापा टाकत, पण बोलत होतं.

अस्तर खड्ड्यात उतरवलं आणि मी काठाशी उभी राहून बघितलं. एक सुरकुती नाही. खड्डा जणू ते घालूनच जन्माला आला होता. हवाभाऊजींनी टोपी काढली.

धबधब्याला मागच्या बाजूला फरशीचे तुकडे रचले, वर आमचा जुना धुण्याचा दगड ठेवला, आणि खालून कूलरच्या पंपानं नळीतून पाणी वर चढवलं. पहिल्यांदा पाणी दगडाच्या कडेवरून पडेचना. हनुवटीवरून ओघळावं तसं दगडाला चिकटून मागे पळायचं. मग दगडाच्या पाठीखाली एक चपटा खडा सारला, दगड पुढे झुकला, आणि पाणी सुटलं! अखंड. धुतलेली चादर वाऱ्यावर सोडावी तसं. आवाज एवढा झाला की पाऊस आला समजून अख्ख्या गल्लीनं वाळत घातलेले कपडे आत ओढले. वर ऊन रणरणत होतं आणि बायका खिडक्यांतून हात काढून थेंब शोधत होत्या.

मी खोलीत जाऊन पलंगावर बसले. श्वास ऐकू येत नव्हता. माझा तर नाहीच, शेजारणीचाही नाही, आणि ती दमेकरी आहे.

सकाळी उठले तर सूनबाई काठावर उभी. "आई, तळ्याला रात्री तहान लागली वाटतं."

पाणी निम्मं. पंप अर्धा उघडा पडून खोकत होता. बेडूक पायरीवरून खाली उतरून बसलेला, चेहरा असा की मी सांगितलंच होतं.

आम्ही पुन्हा भरलं. पुन्हा उतरलं. आणि त्याच दुपारी मुलगा परत आला.

मला वाटलं होतं, ओरडेल. ओरडला असता तर मीही ओरडले असते, त्याची मला सवय आहे. पण तो बॅग खाली ठेवून खड्ड्याभोवती एक फेरी मारून आला आणि हसला. प्रेमानं हसला हो, तेच वाईट. "आई, हे तळं नाही, चाळण आहे. पण बरं केलंस. गवंड्याची खणायची मेहनत वाचली. सोमवारी यातच खडी भरून वर सिमेंट ओतू."

"सोमवारी यात पाणी असेल."

"असू दे ना."

"वाहत्या पाण्यावर सिमेंट ओतून दाखव मला."

"वाहतं? कुठं वाहतंय? सगळं खाली चाललंय!" असं म्हणून आंघोळीला गेला, शीळ घालत. संध्याकाळी ट्रक आला आणि भिंतीवरून परसात वाळूचा ढीग टाकून गेला. माझ्या खिडकीच्या अर्ध्यापर्यंत. म्हणजे गाडी येण्याआधीच उजेड गेला.

आता माझी पक्की जिरली असं त्याला वाटलं. माझी! मी हवाभाऊजींना बोलावणं धाडलं.

ते आले, काठाशी बसले, नाक पाण्याला टेकेपर्यंत वाकले. मी म्हटलं, "काय बघताय?"

"बुडबुडे."

"तळ्याला बुडबुडे कुठून येतील?"

"वहिनी, माझी अडचण समजून घ्या. पाण्यात बुडवलेली ट्यूब बघायची मला सवय. ट्यूबमध्ये भरलेलं पाणी मी कसं बघू? हे उचलून मोठ्या टबात घालता आलं असतं तर—"

"भाऊजी, घरी जा."

पण ते गेले नाहीत. मी खुर्ची मागवली आणि पंप बंद केला. गळती धबधब्याच्या दगडांमागून असेल तर पंप थांबल्यावर पाणी उतरायचं थांबेल, एवढं मला कळत होतं. थांबलं नाही. मग मी म्हटलं, ठीक आहे, उतर बाई, कुठवर उतरतेस बघू. मी बसले आणि पाणी उतरत गेलं. आणि एका जागी येऊन उभं राहिलं. मग कितीही बघा, हलेना.

मी खाली वाकून बघितलं. पाणी बरोब्बर टक्सच्या टोकांशी थांबलं होतं. शिवण जिथं संपते तिथं. सगळ्या बाजूंनी, एकही टोक बुडालेलं नाही.

सुईनं भोकं पडतात हो! शिवण म्हणजे काय, भोकांची रांगच. झंपरच्या भोकांतून कधी कुणी सांडलं नाही म्हणून माझ्या डोक्यात नव्हतं. मी माझ्या हातांनी, एक नंबरची शिवण मारून, तळ्याला जाळी करून ठेवली होती. हवाभाऊजी हसले नाहीत, हे त्यांचं नशीब.

सूनबाई हळूच म्हणाली, "आई, शिवण छान आहे मात्र."

"छान आहेच. कापड वाईट आहे."

दुकानदाराकडून नवं कापड आणायचं, न कापता टाकायचं, असं भाऊजी म्हणाले. मी म्हटलं, मुळीच नाही. त्या दुकानदाराला जाऊन सांगू, तू म्हणालास तेच बरोबर? माझ्या जिवात जीव आहे तोवर नाही. तुमच्याकडे ट्रकच्या जुन्या ट्यूब आहेत ना? त्या उभ्या कापा.

मग शनिवारी आम्ही तळं कोरडं केलं. भाऊजी आत उतरले, प्रत्येक शिवण पॉलिशपेपरनं घासली, सोल्यूशन लावलं, वर रबराची पट्टी दाबून बसवली. एवढं लांबच लांब पंक्चर त्यांनी जन्मात काढलं नव्हतं. भोकं मोजायला लागले होते, लाखाच्या पुढे गेल्यावर सोडून दिलं. आता दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात, मी चाकाचं सोडा, तळ्याचं पंक्चर काढलंय. आणि लोक म्हणतात, भाऊजी, हवा कमी करा.

पाणी भरलं तर शिवणीतून थेंब नाही, पण नवंच कौतुक. पाण्याचं वजन पडलं तसं कापड ताणलं आणि एका कोपऱ्यातून काठ सुटून आत घसरला. पाणी तिथून मातीत. आता कळलं सुरकुत्या कशाला ठेवायच्या असतात. अंगासरशी शिवलेला कपडा, गिऱ्हाइकानं पोटभर खाल्लं की उसवतो ना, तसं. आणि शिवणीत सोडायला जास्तीचं कापड मी ठेवलं नव्हतं. माझ्यासारखीनं!

रविवारी दुपारी मुलगा जेवून पलंगावर आडवा झाला. मी काठाशी बसून विचार करत होते. कापड वाढत नाही. मग काय कमी होतं? आणि मला एकदम सुचलं. अगं, कपडा आखूड झाला तर गिऱ्हाईक बारीक करायचं! आयुष्यभर मला वाटत आलं होतं की अमक्या बाईनं तेवढं पोट कमी केलं तर माझं काम किती सोपं होईल. एकीनंही ऐकलं नाही. पण खड्डा काय बोलणार? तळ उचलून खड्डा उथळ केला, की तेच अस्तर सैल होणार.

"माती भरू या परत," भाऊजी म्हणाले.

"मातीत दगड असतात, ते खालून टोचतात. मऊ काहीतरी हवं."

आम्ही तिघांनीही एकाच वेळी वळून त्या वाळूच्या ढिगाकडे बघितलं.

सूनबाई म्हणाली, "आई, मी आत जाऊन झोपलेय." आणि घमेलं उचललं.

आतून मुलाचं घोरणं येत होतं. घोरणं थांबलं की आम्ही थांबायचो, सुरू झालं की वाळू ओतायची. अस्तर एका बाजूनं गुंडाळून खाली वाळू, मग दुसऱ्या बाजूनं. माझं तळं गाडायला आणलेली वाळू माझ्याच तळ्याखाली गादी होऊन बसली. ढीग उतरत गेला तशी माझी खिडकी उजळत गेली. अस्तर सैल झालं, आणि त्याला सुरकुत्या पडल्या. भरपूर. मी बघितल्या, आणि बघितल्यासारखं केलं नाही. पाणी भरल्यावर त्या दिसतही नाहीत म्हणा. संध्याकाळपर्यंत तळं काठोकाठ, धबधबा चालू, आणि सोमवारी सकाळी पाणी होतं तिथंच. केसभरही हललं नव्हतं.

गवंडी आला. मुलानं त्या दिवशी मुद्दाम रजा टाकली होती. गवंडी परसात आला, तळ्याकडे बघितलं, धबधब्याकडे बघितलं, मग माझ्या खिडकीखालच्या मोकळ्या जागेकडे.

"साहेब, वाळू कुठाय?"

मुलानं माझ्याकडे बघितलं. मी बेडकाकडे बघितलं.

"आई, वाळू?"

"आहे. कुठं जातेय? घरातच आहे."

गवंडी म्हणाला, "आधी हे पाणी काढावं लागेल, मग वाळू परत मागवा, मग बघू." आणि पंप बंद करायला वायरीकडे हात नेला. तेव्हा मुलगा दोन पावलं पुढे आला. माझ्या खिडकीशी उभा राहिला. आत मशीन, बाहेर पाणी, मध्ये तो. थोडा वेळ तसाच ऐकत उभा. मग खाली बघत म्हणाला, "राहू दे. आईचं आहे ते."

आता इथंच थांबले असते तर बरं दिसलं असतं. पण शपथ घेतलीय, आणि जेवायची वेळ होत आलीय, तेव्हा सांगून टाकते. एवढं एक मी रचलं. बाकी हवं तर बेडकाला विचारा. पण मुलगा काही तसं म्हणाला नाही. तो घरीच नव्हता. नेहमीसारखा ऑफिसात गेला होता. गवंड्यासमोर फाटकात मी उभी होते, आणि "साहेबांनी सांगितलंय, राहू दे," असं मी म्हटलं.

"साहेबांना फोन करून विचारतो, आजी."

"विचार. पण मीटिंगमध्ये असला की फार चिडतो तो."

गवंडी गेला.

संध्याकाळी मुलगा आला, तळ्याशी उभा राहिला, आत आला. "आई, गवंडी परत गेला? कुणी सांगितलं त्याला?"

"तूच."

"मी? कधी?"

"विसरलास होय? तुझ्या वडिलांचंही याच वयात सुरू झालं होतं."

तेव्हापासून गाडी रस्त्यावर लागते. गवंड्याला पुन्हा बोलावणार म्हणून रोज म्हणतो. बोलाव म्हणते, मी फाटकातच आहे. मात्र संध्याकाळी चहा घेऊन तो परसात जातो, पाण्यावरची पानं जाळीनं काढतो, कचरा अडवायला पंपाच्या तोंडाला बांधलेला जुना मोजा सोडून धुतो, पुन्हा बांधतो, आणि मग काठावर बसून राहतो. चहा गार होतो. सूनबाईनं विचारलं, काय करताय, तर म्हणतो, गवंड्याला मी कधी सांगितलं ते आठवतोय.

आठवू दे की. पाणी आता कुठं जात नाही.